सिमेंटला चौदा दिवस हवेत

मे महिन्यात लातूरला माझ्या धाकट्या भावाच्या घराचा स्लॅब भरला. आठव्या दिवशी सकाळीच सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू भाड्यानं देणारा, टेम्पो घेऊन दारात उभा. "प्लेटा काढू द्या सर, परवा दुसरीकडे स्लॅब आहे." सिमेंट पीपीसी होतं, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेलं. भावानं नाही म्हटलं. सेंट्रिंगवाला नाराज झाला, वरच्या दिवसांचं भाडं द्यावं लागलं. चूक दोघांचीही नव्हती. पर्यावरणाला झेपेल असं बांधकाम आपल्याकडे का अडतं, हे मला त्या दारातल्या बोलण्यात जेवढं कळलं तेवढं कुठल्याही परिसंवादात कळलं नाही.

आधी सिमेंटचं बघू. त्याचा जीव असतो क्लिंकरमध्ये. चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की क्लिंकरचे खडे तयार होतात. या भाजण्यात १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उद्या भट्टी कोळशाऐवजी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे ४४ किलो सुटणारच, कारण हा वायू इंधनातला नाही, दगडातला आहे. इंधनाचा धूर धरला तर एक टन क्लिंकरमागे साधारण ८५० किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे तो यामुळे.

मग सरळ उपाय एकच: पिशवीत क्लिंकर कमी घालायचं. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. ३० टक्के राख धरली तर ५० किलोच्या पिशवीत साधारण १४ किलो क्लिंकर वाचतं, म्हणजे १२ किलो कार्बन डायऑक्साइड. हजार चौरस फुटांच्या घराला ढोबळ मानानं ४०० पिशव्या लागतात. एका घरामागे जवळजवळ पाच टन! आणि राख काही दुरून आणायची नाही. चंद्रपूर जिल्ह्यात तर चुनखडीच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि राख देणारं वीज केंद्र, सगळं एकाच जिल्ह्यात आहे.

अडचण राखेच्या स्वभावात आहे. सिमेंट आणि पाणी यांची क्रिया झाली की घट्ट धरणाऱ्या पदार्थाबरोबर थोडा मोकळा चुनाही तयार होतो. राखेतली काचेसारखी सिलिका या मोकळ्या चुन्याला धरते आणि त्यातून आणखी बळकट पदार्थ बनवते, काँक्रीटमधली बारीक छिद्रं बुजवते. पण आधी चुना सुटणार, मग राख कामाला लागणार. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत हे काँक्रीट मागे राहतं आणि पुढचे कित्येक महिने ताकद कमावत जातं. छिद्रं कमी म्हणून समुद्राच्या हवेतला क्षारही सळईपर्यंत उशिरा पोचतो. मुंबईत आणि कोकणात सळया गंजून गॅलऱ्या सोलवटलेल्या इमारती पाहिल्या की मला वाटतं, खरं तर तिथे हेच सिमेंट आग्रहानं मागायला हवं.

पण ही दुसरी क्रिया पाण्याशिवाय होत नाही. स्लॅब लवकर वाळला तर राख नुसती भुकटी होऊन आत पडून राहते. म्हणूनच आयएस ४५६ हे काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक साध्या सिमेंटला निदान ७ दिवस पाणी मारायला सांगतं, मिश्र सिमेंटला निदान १०, आणि शक्यतो १४. आता हे १४ दिवस लातूरच्या उन्हाळ्यात मोजा. २०१६ साली याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. कार्बन वाचवायचा तर पाणी जास्त, आणि पाणी टँकरचं. भावानं स्लॅबवर आळी करून पाणी साठवलं, कडेला आणि बीमना ओली गोणपाटं बांधली, दुपारी ती पुन्हा भिजवली. नुसत्या पाइपनं फवारण्यापेक्षा यात पाणी पुष्कळ कमी लागतं, पण माणूस मात्र तिथेच थांबावा लागतो.

सेंट्रिंगवाल्याच्या हिशेबाकडे परत येतो. त्याच मानकात ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढायला सांगितलं आहे. मात्र हे आकडे साध्या सिमेंटचे आहेत, इतर सिमेंटला मुदत बदलायची असते. तो बोलत होता ते त्याला शिकवलं गेलेलं बरोबर होतं, फक्त पिशवी बदलली होती. त्याच्या प्लेटा जितक्या वेळा फिरतील तितकी त्याची कमाई. बिल्डरचं व्याज रोज चढतं, मजूर सणाला गावी जाणार असतात, घर घेणाऱ्याला ताब्याची तारीख दिलेली असते. या साखळीत सगळ्यांनाच घाई आहे. आठ दिवस जास्त थांबायचा खर्च मात्र एकट्याच्या गळ्यात पडतो. आणि तो खर्च कोणी सोसायचा हे कंत्राटात कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या मते पहिली दुरुस्ती इथे हवी. टेकूचे वाढीव दिवस आणि पाणी मारणं यांचा दर वेगळा लिहून द्यावा, म्हणजे थांबण्यात कोणाचं नुकसान राहणार नाही.

राखेचा हा संथपणा टाळणारं एक सिमेंट आता आलं आहे: एलसी-थ्री. त्यात साधारण निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के कच्ची चुनखडी आणि थोडा जिप्सम असतो. केओलिन, म्हणजे चिनी मातीतलं खनिज, असलेली ही माती सातशे-आठशे अंशांना भाजली तरी पुरते आणि तिच्यातून दगडातला वायू सुटत नाही. ती राखेपेक्षा चपळ असल्यानं सातव्या दिवसापर्यंत हे सिमेंट साध्याच्या जवळ येतं, आणि कार्बन ३० ते ४० टक्के कमी. स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या तंत्रविद्यापीठाबरोबर आपल्या आयआयटींनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. २०२३ मध्ये भारतीय मानकही आलं. पण ही माती पाणी जास्त ओढते, म्हणून मिश्रण घट्ट होतं आणि ते सैल ठेवायला रसायन घालावं लागतं. मातीत लोह असलं तर रंग तांबूस येतो.

या रंगाचीच मला काळजी वाटते. कोणत्याही मिस्त्रीला विचारा, तो सिमेंटचा रंग बघून मत देतो. आणि तरी जुन्या वाड्यांच्या भिंती ज्या चुन्यात उभ्या आहेत त्यात सुरखी घालत, भाजक्या विटांची तांबडी भुकटी. भाजलेली माती आणि चुना, हीच जोडी. आमच्या आजोळच्या वाड्याच्या पडक्या भिंतीचा एक तुकडा मी भावाच्या साइटवर नेला होता. मिस्त्रीनं तो नखानं खरवडून पाहिला, दगडावर आपटला, आणि विचारलं, "हे किती दिवस भिजवत होते?"