फर्मिक्यूटीस आणि बॅक्टेरॉइडीटीस: एका गुणोत्तराची पार्श्वभूमी

आंबवलेल्या दुधातल्या जीवाणूंनी आयुष्य वाढते, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. आतड्यातले जीवाणू आणि चयापचय (अन्नापासून ऊर्जा मिळवण्याची आणि साठवण्याची शरीराची प्रक्रिया) यांच्या नात्याचा ठोस पुरावा मात्र २००४ मध्ये आला. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात सामान्य उंदरांचे जीवाणू रुजवले, तेव्हा खाणे कमी होऊनही दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली.

पुढच्या दोन वर्षांत लठ्ठ उंदरांमध्ये फर्मिक्यूटीस गटाचे जीवाणू जास्त आणि बॅक्टेरॉइडीटीस कमी आढळले. माणसांवरचा अभ्यास अवघ्या १२ लठ्ठ व्यक्तींचा होता. वर्षभराच्या आहारनियंत्रणाने वजन उतरले, तसे बॅक्टेरॉइडीटीसचे प्रमाण वाढले. एवढ्या बळावर या दोन गटांचे गुणोत्तर लठ्ठपणाची खूण ठरले.

ही घाई महागात पडली. हे काही दोन जातींचे जीवाणू नव्हेत. प्रत्येक गट म्हणजे एक अवाढव्य संघ (फायलम), म्हणजे असंख्य जातींना सामावणारा वर्गीकरणाचा मोठा विभाग. आतड्याच्या अस्तराला पोसणारे ब्युटिरेट तयार करणारे कितीतरी जीवाणू फर्मिक्यूटीसमध्येच येतात आणि जीवघेणा जुलाब घडवणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलही त्यातलाच. मग ‘फर्मिक्यूटीस वाढले’ यातून कळले काय? त्यात नमुन्यातून डीएनए वेगळा करण्याची पद्धत बदलली की गुणोत्तरही बदलते. २०१४ आणि २०१६ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा लठ्ठपणाशी या गुणोत्तराचा संबंध अगदी क्षीण निघाला. तरीही विष्ठातपासणीच्या खासगी अहवालांत ते आजही छापले जाते आणि लोक त्यावरून आहार बदलतात. हे थांबायला हवे. २०२१ मध्ये या संघांची नावे बॅसिलोटा आणि बॅक्टेरॉइडोटा अशी बदलली, त्यामुळे जुने-नवे अहवाल ताडून पाहणाऱ्याचा गोंधळ आणखी वाढला.

मधुमेहातही असाच धडा मिळाला. रुग्णांच्या आतड्यात दिसलेल्या काही बदलांचे कारण आजार नसून मेटफॉर्मिन हे औषध होते, हे २०१५ मध्ये स्पष्ट झाले.

विष्ठारोपणाचे, म्हणजे दात्याच्या विष्ठेतले जीवाणू रुग्णाच्या आतड्यात रुजवण्याचे, निकालही सरसकट सारखे नाहीत. वारंवार उलटणाऱ्या डिफिसिल संसर्गावर त्याचा गुण २०१३ च्या चाचणीत इतका उघड दिसला की ती मध्येच थांबवली गेली. चयापचय बिघडलेल्या लठ्ठ पुरुषांमध्ये मात्र सडपातळ दात्याच्या विष्ठेने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सहा आठवड्यांनी सुधारलेला दिसला आणि अठराव्या आठवड्यापर्यंत तो फरक उरला नव्हता.