संपत्ती-निःसारण सिद्धान्त

ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानच्या उत्पन्नाचा एक हिस्सा कोणताही मोबदला न मिळता दरसाल इंग्लंडला जात होता आणि देशाच्या दारिद्र्याचे ते मुख्य कारण होते, अशी मांडणी. 'आर्थिक निःसारण', 'संपत्तीचे अपहरण', किंवा सरळ इंग्रजी शब्द घेऊन 'ड्रेन थिअरी' अशा नावांनीही ती ओळखली जाते. तिचे श्रेय दादाभाई नौरोजी (१८२५–१९१७) यांना दिले जाते आणि ते रास्तच आहे. मात्र तिचा उगम लंडनमध्ये नसून त्यांनी ती मांडण्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधीच्या मुंबईत आहे. वसाहतवादाच्या टीकेचा जागतिक इतिहास सांगताना ही गोष्ट सहसा गाळली जाते.

पैसा जात होता म्हणजे नेमके काय होत होते? नाण्यांच्या थैल्या भरलेली गलबते डोळ्यांसमोर आणली तर प्रकार समजत नाही. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करण्याचा अधिकार, मिळाल्यावर ईस्ट इंडिया कंपनी तिथल्याच महसुलातून कापड आणि रेशीम खरेदी करून युरोपात विकू लागली. म्हणजे विणकराला मिळणारी किंमत त्याच्याच मुलखातल्या करातून येत होती. कंपनीची राजवट गेल्यावर व्यवहार अधिक सफाईदार झाला. लंडनमधल्या व्यापाऱ्याला मुंबईहून कापूस आणायचा असला, की तो भारतमंत्र्याच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याच्या) कचेरीकडून 'कौन्सिल बिल' नावाची हुंडी विकत घेई. या हुंड्यांची विक्री दर आठवड्याला होत असे. पौंड लंडनमध्येच भरले जात. हुंडी मुंबईला येई, बँकेमार्फत सरकारी खजिन्यात वटवली जाई आणि रुपये हाती पडत. हे रुपये शेतसाऱ्यातून जमलेले. खानदेशातला शेतकरी कापूस विकून जे पैसे घेई, ते त्याच्यासारख्यांनीच आदल्या हंगामात तलाठ्याकडे भरलेले असत. निर्यातीचे खरे मोल, म्हणजे पौंड, हिंदुस्थानात कधी पोचतच नसे. कागदोपत्री मात्र सगळे चोख. निर्यात आयातीपेक्षा जास्त दिसे आणि त्यावरून देश भरभराटीला आला आहे, असे अहवाल लिहिले जात.

लंडनमध्ये उरलेल्या या पौंडांतून 'होम चार्जेस' भागवले जात. त्यात कर्जावरील व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्कराचा व सामानाच्या खरेदीचा खर्च आणि खुद्द भारतमंत्र्याच्या कचेरीचा खर्च येई. १९०१ च्या सुमारास ही रक्कम वर्षाला सुमारे १ कोटी ७० लाख पौंड होती. काही बाबी तर चक्रावून टाकणाऱ्या आहेत. १८३३ च्या कायद्याने कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून बांधून दिला गेला आणि कंपनीचे राज्य संपल्यावरही तो १८७४ पर्यंत चालू राहिला. १८५७ चा उठाव मोडून काढण्याचा खर्च हिंदुस्थानवरच पडला. १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ दिलेल्या शाही मेजवानीचे बिलही इथल्या रयतेच्या खात्यात गेले. रेल्वे कंपन्यांना पाच टक्के परताव्याची हमी होती. तोटा झाला तर तो महसुलातून भरून निघणार होता. माजी अर्थसदस्य मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साफ सांगितले, की हमी असल्यामुळे आपला पैसा विटाचुन्यात जातो की हुगळीत फेकला जातो, याची इंग्रज भांडवलदाराला फिकीर नव्हती.

या व्यवहारावर सुरुवातीच्या काळातच बोट ठेवले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेल्या तरुणांनी. भास्कर पांडुरंग तर्खडकर (१८१६–४७) यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये 'एक हिंदू' या सहीने इंग्रजीतून पत्रमाला लिहिली. दादोबा आणि आत्माराम पांडुरंग हे त्यांचे बंधू मराठी वाचकाला व्याकरणामुळे व प्रार्थना समाजामुळे माहीत असतात. भास्कर मात्र तिशी ओलांडताच वारले आणि विस्मरणात गेले. पेंढाऱ्यांच्या आणि रामोशांच्या तावडीतून आम्ही तुम्हाला सोडवले, ही इंग्रजांची नेहमीची बढाई. त्यावर तर्खडकरांचे म्हणणे असे, की त्या टोळ्यांना शतकानुशतके लुटून जे जमले नसते, ते तुमच्या व्यापारपद्धतीने थोड्या वर्षांत साधले. पंचविशीतल्या माणसाने राज्यकर्त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच पत्रात हे छापून आणले, तेही कंपनीचे राज्य ऐन भरात असताना. त्यानंतर दोनच वर्षांनी रामकृष्ण विश्वनाथ यांचे हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रत स्थितीवरील पुस्तक मराठीतून निघाले. भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' आणि त्यात १८४८ पासून आलेली लोकहितवादींची 'शतपत्रे' यांतही देशी धंदे बुडण्याची आणि पैसा विलायतेला जाण्याची चर्चा आहे. लोकहितवादी इंग्रजी राज्याला ईश्वरी योजना मानत आणि तरीही विलायती माल घेऊ नका, असे बजावत. ही विसंगती त्यांच्या एकट्याची नव्हती. त्या साऱ्या पिढीची होती.

दादाभाई याच एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि पुढे तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. गणित त्यांच्या पुढच्या कामात सर्वत्र दिसते. २ मे १८६७ रोजी लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की हिंदुस्थानच्या महसुलापैकी जवळजवळ चौथा हिस्सा देशाबाहेर जातो. पुढे त्यांनी प्रांतवार पिके व भाव घेऊन दरडोई वार्षिक उत्पन्न काढले. ते सुमारे २० रुपये भरले. मग त्यांनी ते तुरुंगातल्या कैद्याच्या नुसत्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिले. उत्पन्न कमी पडले! गुन्हा करून आत गेलेला माणूस बाहेरच्या सरासरी रयतेपेक्षा बरा जेवत होता, आणि हे सरकारी अहवालांतूनच सिद्ध होत होते. त्यांची खरी ताकद इथे आहे. ते राज्यकर्त्यांशी राज्यकर्त्यांच्याच वह्या उघडून भांडत. सरकारला या आकड्यांवर गप्प बसवेना. १८८२ मध्ये सरकारी हिशेबाने २७ रुपये काढले, कर्झनने पुढे ३० सांगितले, तर सरकारचे इंग्रज टीकाकार विल्यम डिग्बी यांनी ते १८ च्या आत आणले.

१८९२ मध्ये दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून मोजक्या मतांनी पार्लमेंटवर निवडून गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगाचे ते सभासद होते. त्याच आयोगापुढे १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा यांनी साक्षी दिल्या. १९०१ मध्ये दादाभाईंच्या लेखनाचा मोठा संग्रह लंडनमध्ये छापला गेला. त्याच्या नावात या राजवटीला 'अन-ब्रिटिश' म्हटले आहे. इंग्रज आपल्या तत्त्वांना जागले तर हे थांबेल, असा विश्वास त्यामागे होता. तो भाबडा वाटतो खरा, पण पाचच वर्षांनी कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून याच गृहस्थांनी स्वराज्याची मागणी केली.

महाराष्ट्रात सर्वांनी हा सिद्धान्त डोळे झाकून उचलला नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत स्पष्ट सांगितले, की या खंडणीवर शक्ती खर्चण्यात अर्थ नाही. तिच्यातला काही भाग घेतलेल्या कर्जाचे व्याज आहे आणि खरा प्रश्न उद्योग उभे करण्याचा आहे. याहून मुळावर घाव घालणारी टीका जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये सापडते. गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार व पेन्शने त्यांनाही दिसतात. पण शेतकऱ्याच्या घरातून निघालेला पैसा बंदरावर पोचण्याआधी भट कारकून, सावकार आणि वकील यांच्या हातांतून कसा जातो, हेही ते दाखवतात. दादाभाईंच्या हिशेबात देश हे एकच कुटुंब असते. त्यात कोण राबते आणि कोण बसून खाते, हा स्तंभच नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी कंपनीच्या अर्थकारणावर प्रबंध लिहिला. हिंदुस्थानने इंग्लंडला दिलेले अफाट आणि इंग्लंडने दिलेले शून्यवत, असा त्यातला निष्कर्ष दादाभाईंच्या बाजूचा आहे. मात्र फुल्यांचा प्रश्न आंबेडकरांनी कधी सोडला नाही.

सामान्य वाचकांपर्यंत हा विचार वृत्तपत्रांनी नेला. बंगालात ते काम एका मराठी माणसाने केले. देवघरकडे स्थायिक झालेल्या घराण्यातले सखाराम गणेश देऊस्कर यांचे 'देशेर कथा' हे बंगाली पुस्तक १९०४ मध्ये आले, स्वदेशी चळवळीत हातोहात फिरले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

देश स्वतंत्र झाल्यावर सिद्धान्ताला वेगळे आयुष्य लाभले. मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ पॉल बरान यांनी १९५७ मध्ये अविकसिततेची मीमांसा करताना हिंदुस्थानचा दाखला घेतला, तर इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांनी १९७२ मध्ये आफ्रिकेबद्दल त्याच धाटणीचा युक्तिवाद केला. १९७८ मध्ये एडवर्ड सैद यांचे 'ओरिएंटॅलिझम' आले आणि विद्यापीठांतला रोख बदलला. वसाहतीने काय नेले यापेक्षा तिने काय लिहिले, माणसांना कोणत्या साच्यात बसवले, याची चर्चा वाढली. उत्तरवसाहतवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाने पुष्कळ नवे दाखवले, पण जमाखर्चाची वही बरीच वर्षे कपाटात राहिली, ही त्याची उणीवच म्हणावी लागेल.

आकड्यांचा वाद मिटलेला नाही. थिओडोर मॉरिसन यांनी १९११ मध्येच आक्षेप घेतला होता, की भांडवल आणि प्रशासन या सेवांची किंमत वजा केल्यावर उरणारी रक्कम फार मोठी नाही. तीर्थंकर रॉय यांच्यासारखे इतिहासकार आजही त्याच अंगाने बोलतात. उलट अर्थतज्ज्ञ उत्सा पटनाईक यांनी २०१८ मध्ये १७६५ ते १९३८ या काळातील निर्यातीच्या आधिक्यावर चक्रवाढ व्याज लावून सुमारे ४५ लाख कोटी डॉलर हा आकडा मांडला. समाजमाध्यमांवर तोच फिरतो, पण त्यातला बहुतेक भाग व्याजाचा आहे, हे सांगितले जात नाही. सेवांची किंमत हा आक्षेप दादाभाईंच्या हयातीतही घेतला जाई. त्यांचे उत्तर असे, की ज्या सेवा हिंदुस्थानने मागितल्या नाहीत आणि ज्यांचा दर ठरवण्याचा त्याला अधिकार नव्हता, त्यांचे बिल हा व्यापार ठरत नाही.