पेशवे दफ्तर

पेशवाईच्या कारभाराचे कागद असलेला पुण्यातील संग्रह. पुणे पुराभिलेखागाराचा हा गाभा. त्यात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधायचे फडके. गठ्ठ्यालाही तेच नाव पडले. बहुतेक मजकूर मोडीत आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दफ्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. ते जपले गेले ते मात्र इतिहासाच्या ओढीने नाही. कोणाचे इनाम (सरकारने बक्षीस दिलेली जमीन) खरे, कोणाचे बनावट, हे ताडून पाहायला सरकारला कागद हवे होते. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने हेच काम केले. अभ्यासकांसाठी दफ्तराचे दार खऱ्या अर्थाने किलकिले झाले ते इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात निवडक कागदांचे ४५ खंड काढले तेव्हा.

इथे येणाऱ्या सामान्य माणसाचा प्रश्न साधा असतो: आमचे पूर्वज पानिपतावर होते का? गावचे वतन कोणी दिले? पण दफ्तर हिशेबासाठी लावलेले आहे, माणसांच्या नावांनी नाही. रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), घडणी (खातेवार लावलेला हिशेब), प्रांत अजमास (प्रांताच्या जमाखर्चाचा अंदाज), पागा (सरकारी घोडदळ) असे त्याचे विभाग. म्हणून आधी विचारावे लागते, प्रांत कोणता, पथक कोणाचे, साल कोणते. आडनावाचा भरवसा नाही; कागदात बरेचदा ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढेच असते.

सालही सरळ लिहिलेले नसते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी आकडे, म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: मराठी कागदांत चालणाऱ्या सुहूर कालगणनेचे सन ११६१. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरला की, जूनच्या सुरुवातीला लागते. इसवी सन काढायला, तारीख डिसेंबरअखेरपर्यंतची असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढची असेल तर ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे याच सालातली. मोडी येणारी माणसेही इथे एका वर्षाने चुकतात.

नाव सापडले नाही म्हणून पूर्वज गेलेच नव्हते, असे मात्र ठरत नाही. शिंदे-होळकरांसारखे सरदार आपल्या शिपायांचा हिशेब आपल्याच दफ्तरात ठेवत. आणि सापडलेच, तर रणातल्या पराक्रमाची हकीकत क्वचित मिळते; हाती येते ती शिलेदाराला, म्हणजे स्वतःचा घोडा आणणाऱ्या स्वाराला, पोचलेल्या नालबंदीच्या (आगाऊ रकमेच्या) रुपयांची एखादी ओळ.