रानडुक्कर वावरात येतं ते झुडपी जंगलातून

नागपूर किंवा चंद्रपूर शहराच्या हद्दीबाहेर पडलं की वावरांच्या मधूनमधून पळस, बोर, हिवर, रायमुनिया (घाणेरी) यांचे खुरटे पट्टे लागतात. मालगुजारीच्या, म्हणजे इथल्या जमीनदारीच्या, काळात ही पडीक जमीन गावाची गुरं चारायला आणि जळतणाला होती. १९५१ साली मालगुजारी संपली, जमीन सरकारकडे आली, आणि पूर्व विदर्भातल्या महसुली नोंदीत 'झुडपी जंगल' हे नाव कायम राहिलं. ते वन आहे की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वनच असल्याचं ठरवलं.

रानडुकराला दाट जंगल लागतंच असं नाही. त्याला मऊ माती, जवळ पाणी आणि दिवसा दडायला झुडूप हवं. पावसाळ्यात ते गांडुळं, हुमणी, नागरमोथ्याच्या गाठी, बांबूचे वास्ते (कोंब) उकरतं. हिवाळ्यात बोरं, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पडलेली मोहफुलं, मग टेंभरं (तेंदूची फळं). त्याला घामावाटे अंग थंड करता येत नाही, म्हणून नाल्यातली लोळण रोजची. लोळणीजवळच्या पळसाचा बुंधा पाहा: गुडघ्याएवढ्या उंचीवर वाळलेला चिखल आणि त्यात रुतलेले राठ केस दिसतील.

पण झुडपी जंगलातलं हे अन्न आता कमी झालंय. कशामुळे? मोठा दोष रायमुनियाचा. तिच्या दाट सावलीत गवत उगवत नाही, मोथाही टिकत नाही. म्हणजे दडायला जागा भरपूर, खायला काही नाही. त्यातच १९८० नंतर सोयाबीन पसरलं. पेरणीनंतर डुक्कर तास (पेरणीची ओळ) धरून बियाणं उकरतं, पुढे भरलेल्या शेंगा खातं. सोयाबीन निघालं तरी उभी तूर जानेवारीपर्यंत त्याला आडोसा देते.

वन्यजीव संरक्षण कायद्यानं १९७२ पासून रानडुकराला संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची २ मध्ये आलं. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी कलम ११ खाली परवानगीनेच मारता येतं. पण मादी साधारण ११५ दिवसांनी चार-सहा पिल्लं देते, त्यामुळे नुसत्या शिकारीने संख्या आटोक्यात येत नाही.

सौर कुंपण बऱ्याच ठिकाणी फसतं ते खालच्या तारेपायी. ती जमिनीपासून वीतभर उंचच हवी, कारण झटका ओल्या नाकाला बसतो, राठ केसांच्या पाठीला फारसा नाही. ऑगस्टमध्ये धुऱ्यावरचं (बांधावरचं) ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो, म्हणून तारेखालचं गवत दर पंधरवड्याला कापावंच लागतं. मेन लाइनवरून तारेत करंट सोडणं गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मेली आहेत.

झुडपी जंगलातली रायमुनिया काढायची झाल्यास आधी वनविभागाची मंजुरी घ्यावी. नुसती कापली तर पहिल्याच पावसात फुटते. कुदळीने बुडखा जमिनीखाली दोन-तीन बोटं तोडून झुडूप उलटं ठेवायचं, आणि मोकळ्या जागी त्याच पावसाळ्यात मारवेल, पवन्या या गवतांचं बी टाकायचं.