व्यारावाला, होमाई

(९ डिसेंबर १९१३ – १५ जानेवारी २०१२). भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म गुजरातमधील नवसारीचा, पारशी कुटुंबात. वडील फिरत्या नाटक मंडळीत नट होते. पुढे कुटुंब मुंबईत आले आणि होमाईंनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. कॅमेरा हाताळायला मात्र त्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून शिकल्या. त्यांच्याशीच पुढे विवाह झाला. सुरुवातीची छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये आली, दर छायाचित्राला एक रुपया मिळे. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’तही त्यांचे काम छापून येई, पण बाईचे नाव वाचकांना ठाऊक नसल्याने बरीच छायाचित्रे पतीच्या नावावर गेली.

१९४२ मध्ये दोघे ब्रिटिश माहिती सेवेच्या नोकरीसाठी दिल्लीला गेले. पुढची जवळपास तीन दशके साडीतल्या, खांद्यावर जड सामान वाहणाऱ्या होमाई राजधानीच्या प्रत्येक मोठ्या प्रसंगी हजर असत. फाळणीच्या योजनेवर हात वर करून मत देणारे काँग्रेस नेते (जून १९४७), १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, माउंटबॅटन यांचे प्रस्थान, गांधी, नेहरू आणि शास्त्री यांच्या अंत्ययात्रा, १९५६ मध्ये नथु ला खिंडीतून आलेले दलाई लामा हे सारे त्यांनी टिपले. नेहरू हा त्यांचा सर्वांत आवडता विषय. कबुतर सोडणारे नेहरू सगळ्यांना माहीत आहेत. पालम विमानतळावर छायाचित्रणास मनाई करणाऱ्या पाटीशेजारीच उभे असलेले नेहरू त्याहून अधिक बोलके वाटतात.

त्यांच्या ‘स्पीड ग्राफिक’ कॅमेऱ्यात एका वेळी फिल्मचा एकच तुकडा उघडा करता येई. दुसऱ्या छायाचित्रासाठी फिल्म बदलायची, शटर पुन्हा चढवायचे. फ्लॅशचा बल्बही एकदाच पेटे, मग तो काढून नवा लावायचा. तोवर क्षण निघून गेलेला असे. म्हणून माणूस आता काय करील याचा अंदाज बांधून थांबणे हेच खरे कौशल्य होते. होमाईंच्या छायाचित्रांतला सहजपणा या थांबण्यातून आला आहे. पुढे त्या ‘रोलीफ्लेक्स’ही वापरू लागल्या.

३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ, म्हणून पतीने त्यांना परत बोलावले. त्या संध्याकाळी आपण तिथे नव्हतो, ही खंत त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली.

त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतले होते. जन्मवर्ष १९१३, माणेकशांची भेट तेराव्या वर्षी आणि पहिल्या मोटारीचा क्रमांक ‘डीएलडी १३’, असा तो मेळ.

१९६९ मध्ये माणेकशा वारले. १९७० मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षाच्या आतच, होमाईंनी व्यवसाय सोडला. नव्या छायाचित्रकारांचे वागणे त्यांना खटकत होते. समोरच्या माणसाची प्रतिष्ठा राखावी, नीटनेटके कपडे घालून शिस्तीने काम करावे, हे त्यांच्या पिढीने स्वतःवर घालून घेतलेले बंधन होते, आणि त्यावाचून काम करण्यात त्यांना अर्थ वाटेना. होमाई प्रथम राजस्थानात पिलानीला मुलाकडे आणि मग वडोदऱ्याला गेल्या. १९८९ मध्ये एकुलता एक मुलगाही गेला. त्यानंतर त्या घरात एकट्याच राहिल्या. घरची बारीकसारीक कामे आणि बागकाम स्वतः करीत. शेजारच्या या वृद्ध बाईंनी स्वातंत्र्याची पहाट टिपली आहे, हे अनेकांना बऱ्याच वर्षांनी कळले.

२०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा छायाचित्रसंग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे.