योसेफ, संत

नासरेथचा सुतार, मरीयेचा पती आणि ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूचा पालक-पिता. मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांच्या, म्हणजे बायबलमधील येशूचरित्रांच्या, आरंभी त्याची कथा येते. मात्र चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. नीतिमत्त्व आणि अबोल आज्ञापालन यांचा दाखला म्हणून ख्रिस्ती परंपरा त्याच्याकडे पाहते.

मत्तयाने त्याला एकच विशेषण लावले आहे : ग्रीकमध्ये ‘दिकायोस’, मराठी पवित्र शास्त्रात ‘नीतिमान’. रोजच्या मराठीत नीतिमान म्हणजे वर्तनाने चोख माणूस. यहुदी कानाला त्यात आणखी काही ऐकू येई : देवाच्या नियमशास्त्राला धरून, त्याच्याशी इमान राखून जगणारा. आणि मत्तय हा शब्द योजतो तो नेमक्या अशा प्रसंगी, जिथे ते नियमशास्त्रच योसेफाला पेचात टाकते.

मरीयेशी त्याचा वाङ्निश्चय झाला होता. यहुद्यांमध्ये हे बंधन लग्नाइतकेच पक्के असे. वधू काही काळ माहेरीच राही, पण संबंध तोडायचा तर सूटपत्रच द्यावे लागे. एकत्र येण्यापूर्वीच ती गरोदर असल्याचे दिसून आले. बायबलमधील ‘अनुवाद’ या नियमशास्त्राच्या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात वाग्दत्त स्त्रीच्या व्यभिचाराला दगडमाराची शिक्षा सांगितली आहे. योसेफाने ठरवले ते निराळेच : चारचौघांत तिची बेअब्रू न करता गुपचूप तिला सोडायचे. या वाक्यावर भाष्यकारांचा जुना वाद आहे. नीतिमान ‘असूनही’ त्याने दया केली, की नीतिमान ‘असल्यामुळेच’? त्याला संशय आला होता असे काही मानतात. क्लेअरव्हॉचा बर्नार्ड हा मध्ययुगीन मठाधिपती आणि इतर काहींच्या मते, मरीयेच्या ठायी देवाचे कार्य चालले आहे हे ओळखून तो आदराने बाजूला होऊ पाहत होता. मूळ ग्रीक वाक्य दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. मात्र दयेला नीतीचा अपवाद मानणारे वाचन मत्तयाच्या पुढच्या प्रकरणांशी जुळत नाही. तिथे येशू ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे होशेय संदेष्ट्याचे वचन दोनदा सांगतो.

पुढे मत्तयात योसेफाला चार स्वप्ने पडतात आणि त्यांची मांडणी बघण्यासारखी आहे. पहिल्यात देवदूत मरीयेचा स्वीकार करायला सांगतो आणि तो तसे करतो. हेरोद राजा बालकाच्या जिवावर उठलेला असताना, दुसऱ्या स्वप्नात दूत सांगतो : ऊठ, बालक व त्याची आई यांना घेऊन मिसर (इजिप्त) देशाला पळून जा. लगेच पुढे, तो उठला आणि रात्रीच बालक व त्याची आई यांना घेऊन मिसर देशाला गेला. आज्ञेचेच शब्द कृतीत उतरतात. मध्ये प्रश्न नाही, कुरकुर नाही. भर पडते ती फक्त ‘रात्री’ या शब्दाची. हेरोदाच्या मृत्यूनंतर परतीच्या वेळीही हाच साचा आहे. तरी हे पालन आंधळे नव्हे. यहूदीयात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो हे कळल्यावर योसेफ तिकडे जायला घाबरला, असे मत्तय स्पष्ट लिहितो. चौथे स्वप्न त्यानंतरचे आहे आणि मग तो गालीलात नासरेथला जाऊन राहिला.

लूकमध्ये तो आणखीच मागे सरतो. मंदिरात अर्पणासाठी कोकरू परवडत नसेल तर पारव्यांची किंवा होल्यांची जोडी चाले. या कुटुंबाने तीच सवलत घेतली. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत हरवला आणि तीन दिवसांनी सापडला, तेव्हाही बोलते ती मरीयाच : ‘तुझा पिता आणि मी’ कष्टी होऊन तुला शोधत होतो. योसेफ शेजारीच उभा असणार. यानंतर तो कथेतून नाहीसा होतो. येशूच्या सार्वजनिक सेवाकाळाआधीच तो वारला असावा, हा त्यावरून काढलेला तर्क.

त्याच्या धंद्यासाठी वापरलेला ‘तेक्तोन’ हा शब्द लाकूडकाम व बांधकाम दोन्हींना लागू पडतो. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की येशू नांगर आणि जू बनवत असे. हा धंदा बापाकडूनच आलेला. त्याच शतकातल्या ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ या अपोक्रिफल, म्हणजे बायबलमध्ये न घेतलेल्या, ग्रंथाने त्याला वृद्ध विधुर केले. चित्रांतला पांढऱ्या दाढीचा योसेफ तिथूनच आला आहे.

पश्चिमेत त्याची भक्ती उशिरा रुजली. आव्हिलाची तेरेजा या स्पॅनिश संत जोगिणीने 1562 मध्ये आपला पहिला सुधारित मठ त्याच्याच नावाने उघडला. पोप पायस नववे यांनी 1870 मध्ये त्याला सार्वत्रिक चर्चचा आश्रयदाता घोषित केले. 19 मार्च हा त्याचा मुख्य सण. 1955 मध्ये पायस बारावे यांनी 1 मे रोजी ‘श्रमिक योसेफा’चा सण सुरू केला, कामगार दिनाचा दिवस निवडण्यामागचा हेतू उघडच होता. प्रोटेस्टंट पंथांत संतांची मध्यस्थी नाही, त्यामुळे तिथे योसेफ विश्वासाचे उदाहरण म्हणूनच उरतो. शिवाय माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो या शिकवणीमुळे त्याच्या आज्ञापालनाकडे नीतिमान ठरण्याचे कारण म्हणून नव्हे, तर विश्वासाचे फळ म्हणून पाहिले जाते.

मराठी बायबलमध्ये ‘योसेफ’, कॅथॉलिकांच्या बोलण्यात ‘जोसेफ’ आणि गोव्यात पोर्तुगीजमार्गे ‘जुझे’, अशी त्याच्या नावाची रूपे आहेत. ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकातला योसेफही याच नावाचा. तोही याकोबाचा मुलगा, स्वप्नांचा माणूस, आणि आपल्या माणसांना जगवायला मिसरात नेणारा. मत्तयाच्या वंशावळीत नासरेथच्या योसेफाच्या बापाचे नावही याकोबच आहे.