उपाशी ठेवलं की शिंगरू खातं? नाही!

शिंगरू नवी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, हुंगून तोंड फिरवतं, तेव्हा ठाण्यातल्या तबेल्यांत हमखास ऐकू येतं, "दिवसभर उपाशी ठेवा, झक मारत खाईल." कृपा करून असं करू नका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पोटात चारा असो वा नसो. रिकाम्या पोटी त्यानेच व्रण होतात. वर भुकेलं जनावर नव्या दाण्यावर तुटून पडलं, तर पोटशूळाची भीती, आणि घोड्याला उलटीही करता येत नाही. वाळलं गवत कायम समोर असू द्या. नेहमीच्या चंदीत मूठभर नवा दाणा कालवा, 7 ते 10 दिवसांत वाढवत न्या. आतड्यातल्या जिवाणूंनाही तेवढा वेळ लागतो. गाजर उभं चिरा, गोल चकत्या घशात अडकतात. पहिल्या दिवशी थुंकलं, तर उद्या पुन्हा द्या.